हळदीची फाईल

आमच्या घरात हात आधी चालतो, तोंड नंतर. बाबांचा चालायचा, भावाचा चालायचा, माझाही चालतो. मी तेवढा तो माणसांवरून काढून यंत्रांवर वळवला आहे. ठाण्यातल्या ज्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचं काम करते, तिथे अडून बसलेल्या प्रिंटरला मी बाजूने एक ठेवून देते आणि तो निमूट चालायला लागतो. लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कारण ही विद्या मी कुठे शिकले ते मला ठाऊक आहे.

बाबा डोंबिवलीत, मानपाड्याच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. त्याआधी गावी, कोकणात, कबड्डी खेळायचे. खेळायचे म्हणजे समोरच्याची पकड करून त्याला जमिनीवर आपटायचे. लग्न झाल्यावर समोर आई आली. भाजी खारट झाली, मारलं. डबा उशिरा भरला, मारलं. वर्कशॉपात साहेब बोलला तरी घरी येऊन हिलाच मारलं. पट्टा दारामागे खिळ्याला लटकलेला असायचा आणि त्याचं बक्कल आपटून आपटून तिथल्या भिंतीचा रंग उडाला होता. आम्ही दोघं भावंडं पलंगाखाली शिरायचो. तिथून फक्त पाय दिसायचे, बाबांचे पुढे येणारे आणि आईचे मागे सरकणारे. एकदा बाबांनी दार आपटलं त्यात आईचं बोट चेंगरलं. ती घरी शिवणकाम करायची. दुसऱ्या दिवशी त्या बोटाला चिंधी गुंडाळून तिने कोणाचं तरी ब्लाऊज कबूल केलेल्या वेळेत शिवून दिलं. बाबांचा राग तर मला यायचाच, पण त्या दिवशी आईचाही आला.

मग भावाची हळद आली. बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव, कानठळ्या बसवणारे स्पीकर, मटणाचे टोप, आणि बाबा दुपारपासूनच टाईट. भावाला हळद लावणं ऐन रंगात आलं असताना कोणीतरी येऊन सांगितलं की मटण कमी पडणार. बाबा माणसं ढकलत आईपर्यंत आले, सगळ्या पाहुण्यांसमोर तिला आईवरून शिवी दिली आणि हात उचलला. आईचा उजवा हात तेव्हा हळदीच्या परातीत होता. तिने तो बाहेर काढला आणि बाबांच्या थोबाडीत दिला.

आवाज स्पीकरच्या वर ऐकू आला असं लोक सांगतात. मला आठवतो तो बाबांचा डावा गाल आणि त्यावर उमटलेली पाच पिवळी बोटं. बाबांनी गाल धुतला नाही. आपल्याला काय झालं हेच त्यांना कळलेलं नव्हतं. पंगती उठेपर्यंत ते आईचा हात गालावर घेऊन मांडवात फिरत राहिले आणि पाहुणे त्यांच्याकडे न बघता जेवत राहिले. मटणही पुरलं. हे सगळं व्हिडिओवाल्याने टिपलं होतं, कारण तो बरोबर आईच्या परातीवर कॅमेरा लावून उभा होता.

ती फाईल म्हणजे आईचं हत्यार झाली. हळदीनंतरही बाबांचा हात वर जायचा, पण खाली यायचा नाही. तो वर गेला की आई टीव्हीचा रिमोट उचलायची, हळदीचा व्हिडिओ लावायची, आणि थप्पड यायच्या आत बाबा चपला घालून खाली निघून जायचे. कधीकधी ते काही करत नसले तरी ती लावायची. बाकीच्या बायका संध्याकाळी भाजी निवडताना मालिका बघतात, आमची आई थप्पड बघायची. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, तिथे मला फोन करून सांगायची की आज परत बघितली, आणि हसायची. तिचं ते हसणं मी लहानपणी कधी ऐकलेलं नव्हतं.

बाबा स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. व्हिडिओवाल्याने दिलेली डीव्हीडी त्यांनी गुडघ्यावर मोडली. पेन ड्राइव्ह, खडवलीला कोणाच्या तरी दहाव्याला गेले होते तेव्हा, पिंडामागोमाग नदीत भिरकावला. आईचा मोबाईल गॅलरीतून खाली गेला. भावाने तर आपल्याकडची कॉपी आपणहून पुसून टाकली. म्हणाला, लग्नातली घाण कशाला जपायची. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझे केस धरले, आणि वहिनीने मध्ये पडून आम्हाला सोडवलं. उरली फक्त आईबाबांच्या घरात मी बसवलेल्या सर्व्हरवरची कॉपी.

सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. एक जुना कॉम्प्युटर, आत एक मोठी हार्ड डिस्क, तिच्यात घरातले सगळे व्हिडिओ आणि सिनेमे. घरच्या वायफायवरून ते टीव्हीवर लागायचे. आतल्या खोलीत आईच्या शिलाई मशीनशेजारी तो कायम चालू असायचा आणि त्याचा पंखा असा कण्हायचा की जिन्यात ऐकू यावा. बाबांनी तो केव्हाच फोडला असता, पण त्याच डिस्कवर त्यांच्या कबड्डीच्या मॅचेस होत्या, जुन्या कॅसेटवरून मी उतरवून दिलेल्या, त्यांच्या स्वतःच्या पकडींच्या. मी त्या मुद्दामच तिथे ठेवल्या होत्या. एक फाईल तेवढी पुसायची विद्या बाबांना नव्हती आणि पासवर्ड माझ्याकडे होता. एवढी हुशारी केल्यावर मी निर्धास्त झाले. टीव्हीवर लावून मोबाईलने शूट करून ठेवलं असतं तरी भागलं असतं, हे मला आज सुचतं. ज्यांचं पोट कॉम्प्युटरवर चालतं त्यांना असलं सोपं काही सुचत नाही.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता ती फाईल अडकायला लागली. आईने लावली की गाणं वाजायचं, बायका हसायच्या, बाबा पुढे यायचे, त्यांचा हात वर जायचा, आणि चित्र तिथेच थिजायचं. थप्पड यायचीच नाही. दोनदा-तीनदा असं झाल्यावर बाबांनी चपला घालणं सोडलं. ते सोफ्यावर बसून हसायला लागले. आईने मला फोनवर सांगितलं की कपाटाचं दार लागून कपाळाला खोक पडली आहे. कपाटाचं ते दार मी लहानपणापासून ओळखते. मी तशीच रिक्षा करून निघाले. घरी पोचले तर आईच्या भुवईवर चिकटपट्टी आणि मोरीत चेपलेला तांब्या.

मी बाबांच्या समोरच्या टीपॉयला लाथ घातली, तो उलटला, आणि मग आत जाऊन सर्व्हर उघडला. डिस्क मरायला टेकली होती. कान लावला की आतून टकटक ऐकू येत होती. अशी डिस्क फिरतेय तोवर फिरते, एकदा थांबली की पुन्हा फिरेल याचा भरवसा नसतो. म्हणून मी ती तशीच चालू ठेवली आणि आठवड्याभरात नवीन सामान घेऊन राहायला आले. पुस्तकाएवढा एक छोटा कॉम्प्युटर आणि त्याच्या जोडीला नेटवर्क स्टोरेजचा डबा. डब्यात दोन डिस्क, जे एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवर, म्हणजे एक फुटली तरी दुसरी शाबूत. आमच्या घरात यापेक्षा कमी काही चाललं नसतं.

डबा टीव्हीखाली लावला, केबल आतल्या खोलीपर्यंत ओढली, आणि बाबांसमोर उभी राहून बजावलं की हा जुना सर्व्हर कोणी बंद करायचा नाही, त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

कॉपी करायला पहिली हळदच घेतली. ती थोडी आली आणि हात वर जातो तिथे येऊन बसली. डिस्क तिथे डोकं आपटत राहिली, पुढे सरकेना. अशा वेळी जे धड आहे ते आधी काढून घ्यायचं आणि फुटकं शेवटी, जोर लावून, ही रीतच आहे. तरी मला ती सोडवत नव्हती. तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"आधी त्यांचं कर," ती म्हणाली. "त्यांचं झालं की ते गप्प बसतील, मग माझं निवांत कर."

आमच्याकडे ताटंही अशीच वाढली जातात. आधी बाबा, मग भाऊ, मग मी, आणि आई टोपाला चिकटलेलं खरवडून. मी ऐकलं. बाबांच्या मॅचेस आधी गेल्या. सगळ्या सुखरूप नव्या डब्यात पोचल्या आणि बाबांनी त्या टीव्हीवर लावून बघितल्या. तरुण बाबा एकेकाला उचलून मातीत आपटत होते, म्हातारे बाबा मांडीवर थापा मारत होते. शेवटची मॅच संपल्यावर ते उठले. मला वाटलं पाणी प्यायला चालले आहेत. ते माळ्यावरचा हातोडा काढून आतल्या खोलीत शिरले.

आता जुन्या सर्व्हरमध्ये त्यांचं काही उरलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं होतं. मी धावले तेव्हा हातोडा वर गेलेला होता. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. त्यांनी कोपर माझ्या बरगडीत मारलं. मी सोडलं नाही. माझ्या वयाच्या बाईला बापाचा हात पिरगाळताना काय वाटावं ते मला माहीत नाही, मला बरं वाटलं. हातोडा शिलाई मशीनवर पडला आणि त्याच्या लाकडाचा टवका उडाला. बाबा धापा टाकत भिंतीला टेकले आणि म्हणाले, "माझीच औलाद आहेस." आईने हातोडा उचलून माझ्या हातात दिला आणि मशीनचा टवका शोधत बसली.

मग मी हळदीला पुन्हा हात घातला. या वेळी असा प्रोग्रॅम लावला जो फुटक्या जागेवर पुन्हा पुन्हा धडका मारतो आणि सुटेल तो तुकडा उचलतो. सकाळी पाहिलं तर फाईल अगदी थोडी उरली होती. जे उरलं होतं ते थपडेचंच होतं, पण तेही कणाकणाने निघत होतं. दुपारपर्यंत आलं असतं. मला इतका आनंद झाला की मी आईला उचलून गरागरा फिरवलं आणि ती ओरडली की चहा उतू जाईल.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. बाबांची पक्कड-पाने, हातोडा, कोयता, आईची कात्री, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. आईने मला झेंडू आणायला पाठवलं. बाबांना त्या सर्व्हरबरोबर घरात एकटं सोडायला मी काय वेडी होते? मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. ते नाही म्हणाले. मी त्यांच्या चपला उचलून जिन्यात फेकल्या, तेव्हा आले.

बाजारात त्यांनी झेंडूवाल्याशी भांडण काढलं. फुलं शिळी आहेत म्हणून त्याच्या टोपलीला पाय लावला, तो दगड घेऊन उठला, आणि मी बाबांना मागून शर्टाला धरून खेचत रस्त्यापलीकडे नेलं. येताना ते म्हणत होते की तू आईला डोक्यावर चढवून ठेवलीस. मी म्हणत होते की गप चला. पण आतून मी खुश होते, कारण जो धोका होता तो माझ्या मुठीत होता.

जिना चढताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दाराशी आल्यावर कळलं की पंखा कण्हत नाहीये.

हॉलमध्ये पाट मांडला होता. कोयता, हातोडा, पाने, कात्री ओळीने ठेवली होती, आणि मधोमध, वायरी काढून, ओल्या फडक्याने लख्ख पुसून, जुना सर्व्हर बसवला होता. त्याच्या कपाळावर हळदकुंकू होतं. आई समोर बसून वाटीत हळद कालवत होती.

"आजच्या दिवशी यंत्र चालवत नाहीत गं," ती म्हणाली. "माझं मशीनपण झाकून ठेवलंय. त्यांची हत्यारं पुजायची आणि माझं नको?"

"मी सांगितलेलं ना, बंद करायचं नाही."

"ते तू त्यांना सांगितलेलंस."

खरं होतं. सांगताना मी बाबांकडेच बघत होते. मी वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. डिस्क टकटकली, थांबली, पुन्हा टकटकली, आणि मग आवाज बंद झाला. पुन्हा केलं. डिस्क काढून नव्या कॉम्प्युटरला लावून बघितली, उभी धरून, आडवी धरून बघितली. ती मेली होती. नव्या डब्यात हळद होती, पण गाणं, हसणाऱ्या बायका आणि बाबांचा वर गेलेला हात, एवढीच. आईने फक्त तेवढं जपून ठेवायला मला बोलावल्यासारखं झालं.

माझी मूठ वळली गेली आणि क्षणभर ती कुठे जाणार हे मलाही माहीत नव्हतं. आई हलली नाही. ती माझ्या मुठीकडे बघत होती, आणि बघायची ती पद्धत मी पलंगाखालून कधी पाहिली नव्हती, कारण तिथून तिचं तोंड दिसायचं नाही. मी मूठ सर्व्हरवर हाणली. पत्रा आत गेला, हाताचं कातडं सोललं, आणि कुंकवावर रक्त सांडलं. मी रडायला लागले. आईने माझा हात मांडीवर ओढला, वाटीतली हळद मुठीने घेऊन जखमेवर दाबली आणि म्हणाली की गप, गप. मला तिची इतकी दया येत होती आणि तिचा इतका राग येत होता की दोन्हीतलं काहीच बोलता येईना.

बाबा दारात उभे राहून हे सगळं बघत होते. "गेलं?" त्यांनी विचारलं. मी मेलेल्या डिस्ककडे बघितलं. त्यांना ते पुरलं. ते आत आले, पाटाजवळ आले, आणि त्यांची पाठ मी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती इतकी ताठ झाली.

"कसली थप्पड?" ते म्हणाले. "असं काही झालंच नव्हतं. झालं असेल तर दाखव."

आई उठून उभी राहिली. मी मध्ये शिरायला गेले, तर तिने मला कोपराने बाजूला सारलं. बाबा तिच्यासमोर आले, अगदी मांडवात आले होते तसे, आणि म्हणाले, आता बोल. त्यांचा हात वर गेला. नव्या डब्यातल्या चित्रात जातो तितकाच वर. आईचा उजवा हात मनगटापर्यंत हळदीने भरलेला होता, त्यात माझं रक्तही होतं, आणि तो नुसता खाली सोडलेला होता. तिने तो उचलला नाही. बोटंसुद्धा हलवली नाहीत.

बाबांचा हात खाली आला. तो तिच्यावर आला नाही. तो त्यांच्या स्वतःच्या डाव्या गालावर गेला आणि गाल पुसायला लागला. बाबांना ते कळत नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते आणि तळवा गालावरून खालीवर फिरत होता.

"अजून लावलीच नाही," आई म्हणाली. "काय पुसताय?"

बाबांनी हात खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. तळवा कोरडा होता. मग त्यांनी चपला घातल्या आणि ते खाली निघून गेले. आईने उरलेली पूजा आटोपली, हातोड्यालाही हळदकुंकू वाहिलं, देवाला नैवेद्य दाखवला, आणि त्यानंतरचं पहिलं ताट स्वतःला वाढून घेऊन जेवायला बसली.